पाटाच्या गावातल्या बोटी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं संपादक मंडळाने मला सांगितलं. प्लॉट कसा मिळाला, नोंदणी कशी झाली, कर्ज कुणी मंजूर करून दिलं, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, हे सगळं सेक्रेटरींच्या लेखात आलेलं आहे. त्यात मी आणखी काय भर घालणार? म्हणून मी आपल्या सोसायटीचा एक दुसराच इतिहास लिहायचं ठरवलं. तो इतिवृत्तात फक्त दोनदा आलेला आहे आणि दोन्ही वेळा तक्रार म्हणून. रेडिओवर चालणाऱ्या बोटींचा.

बाहेरच्या माणसाला हसू येईल. राहात्यात समुद्र नाही, नदी नाही. गोदावरी आपल्या तालुक्यात पुणतांब्याला भेटते, तीही वर्षातले बरेच महिने वाळू दाखवत. आपल्याकडे पाणी म्हणजे पाट. नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेला गोदावरीचा उजवा कालवा, त्याच्या चाऱ्या, आणि आवर्तन कधी सुटणार ही कायमची चर्चा. दारणा धरण १९१६ चं, प्रवरेवरचं भंडारदरा १९२६ चं. त्या पाण्यावर ऊस आला, साखर कारखाने आले, आणि आपल्या राहात्याचा पेरू पार मुंबईच्या बाजारात गेला. पण पाटाच्या पाण्यात कुणी बोट घालत नाही. पाटात पडलं की माणूस थेट पुढच्या गावात सापडतो, असं आमच्या आईचं सांगणं होतं.

होडीचं वेड मला मुंबईत लागलं. मामांकडे राहून बी.एस्सी. करत होतो, साल १९६९. एन.सी.सी. १९४८ ची, तिची नेव्हल विंग १९५२ ची. मी त्या विंगमध्ये गेलो तो खरं तर पांढऱ्या गणवेशासाठी. तिथे शिप मॉडेलिंग म्हणून एक प्रकार असतो हे मला माहीतही नव्हतं. लाकडाचे पातळ तुकडे घासून, चिकटवून, जहाजाची हुबेहूब प्रतिकृती करायची. काही प्रतिकृती कपाटात ठेवायच्या, काही शिडाच्या, काही मोटरवर पाण्यात चालणाऱ्या. आमचे शिकवणारे सांगायचे, मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी सागवानाची जहाजं बांधून इंग्रजांच्या आरमाराला दिली. त्यातलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. मला वाटायचं, असेल कुठेतरी कुजून गेलेलं. पुष्कळ वर्षांनी कळलं की ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगत आहे. दोनशे वर्षं! आपल्या ‘ब’ विंगच्या गच्चीला दहा वर्षांत दोनदा वॉटरप्रूफिंग करावं लागलं.

आता थोडं जगाचं. रेडिओवर चालणारी पहिली बोट निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांना दाखवली. सुमारे चार फुटांची बोट, पाण्याच्या हौदात सोडलेली, आणि टेस्ला लांब उभे राहून तिचं सुकाणू फिरवतायत, दिवे लावतायत. कुणी म्हणालं जादू आहे, कुणी म्हणालं आत शिकवलेलं माकड बसवलंय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना पेटंटही मिळालं. त्यांनी ती आरमाराच्या कामाची म्हणून पुढे केली होती, पण त्या वेळी ती कुणाला नको होती. पुढे स्पेनमध्ये तोरेस केवेदो या इंजिनिअरने १९०६ साली बिल्बाओच्या बंदरात राजासमोर तारेशिवाय बोट चालवून दाखवली. आणि या सगळ्यांच्या आधी, १८९५ मध्ये, आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडे बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजवली होती आणि बंदुकीची दारू पेटवली होती. म्हणजे कळ इकडे आणि काम तिकडे, ही गोष्ट आपल्याकडे बोटीच्या आधी येऊन गेलेली.

छंद म्हणून हे प्रकरण वाढलं ते मात्र तळ्याकाठी. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वाफेवरच्या छोट्या बोटी चालवणाऱ्यांचा क्लब १९०४ मध्ये निघाला. तिथे कामगार, सुतार, फिटर असे लोक रविवारी आपापली बोट काखोटीला मारून यायचे. हे वाचलं तेव्हा मला त्यांच्या बोटींपेक्षा त्यांच्या रविवारांचा हेवा वाटला. कारण या छंदात खरी अडचण बोटीची नाही, सोबतीची आहे. एकट्याने बोट बांधता येते, पण चालवायला एकट्याने जाणं म्हणजे एकट्याने कॅरम खेळण्यासारखं. शिवाय बोट मध्येच बंद पडली तर?

मी १९७३ मध्ये बँकेत लागलो. १९८६ मध्ये मुंबईत असताना बोटीवर नोकरी करणाऱ्या एका खातेदाराकडून जुना रेडिओ सेट घेतला, २७ मेगाहर्ट्झचा. त्या काळी वायरलेसचं यंत्र जवळ ठेवायचं म्हणजे १९३३ चा कायदा आणि लायसन्स. मी कायद्याला भिणारा माणूस, त्यामुळे सेट माळ्यावर गेला. बदल्या होत राहिल्या, प्रत्येक गावात सामानाबरोबर तो खोका गेला. सौ. विचारायची, ‘हे कधी टाकणार?’ २००५ मध्ये सरकारने या कमी शक्तीच्या यंत्रांना, २७ च्या बँडला आणि २.४ गिगाहर्ट्झलाही, लायसन्समधून सूट दिली. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी होती. खेळण्याच्या मोटारी, वायफाय, ब्लूटूथ हे सगळं ज्या दारातून घरात आलं, त्याच दारातून माझा खोका माळ्यावरून खाली आला.

तोवर आपली सोसायटी उभी राहिली होती. राहाता तालुका झाला १९९९ मध्ये, त्याआधी आपण कोपरगाव तालुक्यात. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले आणि २००० मध्ये आपली नोंदणी झाली. मी संस्थापक सभासद. २००३ ते २००५ खजिनदार होतो. त्याबद्दल पुढे लिहायचं आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

२०११ मध्ये निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावली: ‘रेडिओ कंट्रोलवर चालणाऱ्या बोटी बनवणे व चालवणे यात रस असणाऱ्यांनी संपर्क साधावा.’ पहिले चौकशीला आले त्यांना कोकणातली बोटिंगची सहल वाटली. दुसऱ्यांनी हळूच विचारलं, ‘साहेब, महिन्याला किती भरायचे?’ त्यांना भिशी वाटली होती. नंतर दोन महिने कुणीच आलं नाही. चिठ्ठीवर पाणी बंद राहण्याची नोटीस लागली.

आणि मग एक दिवस तळमजल्यावरचे अण्णा आले. चितळी रोडला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक नवे टीव्ही घ्यायला लागले, जुने कुणी दुरुस्त करीना, तेव्हा त्यांनी ते बंद केलं. अण्णा आणि मी आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. दारात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘सेट कुठला आहे? क्रिस्टलवाला?’

मी खोका दाखवला. त्यांनी मागचं झाकण उघडलं, वास घेतला (रेडिओ मेकॅनिक आधी वास घेतात, हे मला तेव्हा कळलं) आणि म्हणाले, ‘कपॅसिटर गेलेत. बाकी जिवंत आहे.’ चार दिवसांनी सेट चालू झाला.

तिसरे मिळाले ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटरमामा. बोटीचा दांडा, म्हणजे ज्यावर पंखा बसतो तो, आडव्या नळीतून पाण्यात बाहेर येतो. नळीतून पाणी आत येऊ नये म्हणून ती ग्रीसने भरतात. माझ्या नळीतून पाणी यायचंच. मामांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘अहो, दांडा वाकडाय.’ लेथवर नवा करून आणला, दोन्ही टोकांना पितळेचे बुश घातले, आणि त्यानंतर तो कधी गळला नाही. चौथे गणपती आणि फायबरच्या टाक्या करणारे कारागीर. ते आपले सभासद नाहीत, पण बोटीचं बूड त्यांच्याइतकं गुळगुळीत कुणी करत नाही. पाचवे तळ्याचे मालक. गावाबाहेर त्यांची पेरूची बाग आहे आणि बागेत प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं. ते म्हणाले, ‘या की, पाणी काय झिजतंय का?’

पहिली बोट २०१२ च्या दिवाळीत तळ्यात उतरली. जुन्या ड्रिल मशीनची मोटर, इमर्जन्सी दिव्याची बॅटरी, रिसिव्हर स्टीलच्या डब्यात. पाच मिनिटं छान चालली आणि मग आपोआप गोल गोल फिरायला लागली. मी इकडे काठी दाबतोय, ती तिकडे वळतेय. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बांधावर पाहिलं. त्यांचा पाच वर्षांचा नातू तिथे रिमोटची मोटार चालवत होता. मोटारही २७.१४५ वर आणि माझा सेटही २७.१४५ वर. पोराने मोटार वळवली की आमची बोट वळायची. परदेशात यासाठी अँटेनाला रंगीत फडकं बांधायची पद्धत होती: पिवळं २७.१४५ चं, निळं २७.२५५ चं, म्हणजे एकाच रंगाचे दोघे एकाच वेळी पाण्यात नकोत. पुढे आम्ही २.४ चे सेट घेतले. ते स्वतःच मोकळी जागा शोधतात, एकमेकांच्या पायात येत नाहीत. फक्त त्यांच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, म्हणून अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर ठेवावी लागते. हे आम्ही एक बोट बुडवून शिकलो.

२०१३ चा दुष्काळ बहुतेकांना आठवत असेल. बोअर आटला, टँकर सुरू झाला, बादल्यांचा हिशेब ठेवायला लागलो. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत विषय निघाला की इथे प्यायला पाणी नाही आणि काही ज्येष्ठ सभासद पाण्यात खेळतात. मामा उठून म्हणाले, ‘बोट पाणी पीत नाही.’ सभेत हशा झाला, पण मला ते लागलं. पाण्याचं आपल्या जिल्ह्यात तसं हसण्यावारी नेता येत नाही. २००५ च्या कायद्यानंतर जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, यावर इथे मोर्चे निघालेले आहेत. आम्ही त्या उन्हाळ्यात तळ्यावर गेलो नाही. एप्रिलअखेर तळंच कोरडं पडलं, तेव्हा वादही मिटला.

मग आली ‘विक्रांत’. भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका, १९६१ मध्ये आरमारात आली, १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय होती आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. मी कॉलेजात असताना ती मुंबईला पाहिलेली. बातमी वाचून अण्णा म्हणाले, ‘आपण करू.’ एकास दोनशे प्रमाण धरलं. जहाज २१३ मीटर लांब, म्हणजे आमची बोट साधारण एक मीटर सात सेंटीमीटर. लांबी दोनशेपट लहान झाली की वजन मात्र दोनशे गुणिले दोनशे गुणिले दोनशे, म्हणजे ऐंशी लाखपट कमी व्हायला हवं. भरलेलं जहाज साडेएकोणीस हजार टनांचं, म्हणजे बोट झाली फक्त २.४ किलोची. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली तर भरली ३.१ किलो! जास्तीच्या सातशे ग्रॅममुळे ती पाऊण सेंटीमीटर जास्त बुडत होती आणि वरचा डेक जड झाल्यामुळे कलंडत होती. मामांनी डेकवरचं प्लायवूड काढून फोमशीट घातली, बॅटरी अगदी तळाशी नेली. तेव्हा सरळ उभी राहिली.

वेगाचंही एक गणित आहे. फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७२ च्या सुमारास टॉर्कीला हौदात प्रतिकृती ओढून ते मांडलं: प्रतिकृतीच्या लाटा खऱ्यासारख्या दिसायच्या असतील, तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करायचा. ‘विक्रांत’ ताशी पंचेचाळीस किलोमीटर धावायची, म्हणजे आमची ताशी सव्वातीन. आपला सकाळचा वॉकिंग ग्रुप यापेक्षा जोरात चालतो. पोरं म्हणायची, ‘आजोबा, जोरात पळवा ना!’ मी पळवत नसे. सावकाश चालली की तिच्या नाकाशी जी बारीक लाट फुटते, ती पाहत बसावं.

आता ते लिहितो, जे इतिवृत्तात एका ओळीत आहे.

२०१८ चा डिसेंबर. रविवार, सकाळी आठ. ‘विक्रांत’ काठापासून चाळीसेक फुटांवर बंद पडली. रिसिव्हरमध्ये पाणी गेलं होतं. आम्ही नेहमीप्रमाणे वारा तिला काठाला आणण्याची वाट पाहत होतो. अण्णांचा नातू तेव्हा अकरा वर्षांचा होता. आमच्या बोलण्याच्या नादात तो केव्हा उतारावर गेला, कुणाला कळलं नाही. शेततळ्याचा कागद ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं. त्यावर पाय ठेवला की माणूस सरळ आत जातो आणि त्याला वर येता येत नाही, कारण धरायला काहीच नसतं. पोहता येणाराही दमून जातो. आपल्या जिल्ह्यात दरवर्षी अशा बातम्या येतात.

मी उभा राहिलो आणि नुसता उभाच राहिलो. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. अण्णा धावले ते तळ्याकडे नाही, तर मालकांच्या मोटरशेडकडे. तिथून पाइपाला बांधायचा नायलॉनचा दोर आणि ट्रॅक्टरची ट्यूब आणली. मामा बांधावर पालथे पडले, मी त्यांचे पाय धरले, अण्णांनी ट्यूब फेकली. पहिल्यांदा लांब पडली, दुसऱ्यांदा पोराने धरली. सगळं मिळून तीन-चार मिनिटं झाली असतील. पोरगा वर आला तेव्हा त्याच्या हातापायाला कागद घासून सालटं निघाली होती, आणि तो पहिलं काय बोलला तर, ‘बोट आणायची राहिली.’

पुढच्या आठवड्यात कमिटीची बैठक झाली. हा छंद सोसायटीच्या नावाने करू नये असा ठराव झाला. मी स्वतः त्याच्या बाजूने हात वर केला. त्या पोराच्या आईने मला जिन्यात विचारलं होतं, ‘काका, तुम्ही सगळे मोठे तिथे होतात ना?’ त्याला उत्तर नव्हतं.

त्या रात्री अण्णा आणि मी पार्किंगच्या कट्ट्यावर बसलो होतो. मला काय झालं कोण जाणे, मी चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट काढली. २००४ च्या सर्वसाधारण सभेत मी खजिनदार म्हणून थकबाकीदारांची यादी वाचली. त्यात अण्णांचं नाव होतं, वर्षभराचा मेंटेनन्स. ते काही न बोलता उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी रक्कम आणून दिली. मार्चअखेरीला पावती पुस्तकाची स्थळप्रत जुळवताना मला सापडलं की त्यांनी ती रक्कम गणपतीतच भरलेली होती. मी ती दुसऱ्या फ्लॅटच्या खाती मांडली होती. आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाची चूक. मी काय केलं? पुढच्या वर्षाच्या बिलात ती रक्कम गुपचूप वळती करून घेतली. हिशेब जुळला. चारचौघांत नाव वाचलं होतं, ते तसंच राहिलं.

अण्णा म्हणाले, ‘पावती आहे अजून माझ्याकडं.’

मी म्हटलं, ‘मग त्या दिवशी दाखवली का नाही?’

‘दाखवली असती तर तुम्ही खजिनदारी सोडली असती. दुसरं कोण घेणार होतं? राग होता म्हणून बोलत नव्हतो. पण हिशेब तुम्हीच ठेवावा, असं वाटत होतं.’

सभासदांनो, ज्या सभेत नाव वाचलं तिथे मला हे सांगता आलं नाही. ते या स्मरणिकेत छापून येतंय. २००४ ची ती थकबाकी अण्णांची नव्हती.

ठराव पुढे वर्षभर टिकला. त्यानंतर अण्णांनीच नियम लिहून कमिटीकडे दिले आणि कमिटीने ते मान्य केले. काठापासून दहा फुटांवर चुन्याची रेघ, अठराच्या आतलं कुणीही लाइफ जॅकेटशिवाय रेघेपलीकडे जाणार नाही. खुंटीला बांधलेले गाठींचे दोन दोर पाण्यात कायम सोडलेले. ट्यूब फुगवलेली आहे ना, हे बघितल्याशिवाय बोट खाली ठेवायची नाही. आणि बोट बंद पडली तर कुणीही आत उतरायचं नाही. त्यासाठी मासे धरायची गळाची काठी आणि तिच्या दोऱ्याला टेनिसचा चेंडू. चेंडू बोटीच्या पलीकडे फेकायचा, दोरा बोटीवर पडतो, हळूहळू ओढायचं. जगभर तळ्याकाठचे लोक हेच करतात म्हणे. आम्हाला ते आधी सुचलं नाही.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चौदा जण आहेत, त्यातले सहा आपल्या सोसायटीचे, बाकी शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर, आणि एक लोणीचा. अण्णांना मोतीबिंदूनंतर लांबचं नीट दिसत नाही, म्हणून बोट ते कानाने ओळखतात. मोटरचा आवाज बदलला की म्हणतात, ‘गवत अडकलंय पंख्यात.’ त्यांचा नातू डिप्लोमाला आहे. २०२२ मध्ये नवी ‘विक्रांत’ आरमारात आली, तेव्हा तिचं चित्र त्याने भिंतीवर लावलं. ती २६२ मीटरची आहे. एकास दोनशेने केली तर एक मीटर एकतीस, मामांच्या लेथच्या खोलीत मावत नाही, म्हणून एकास अडीचशे धरलं आहे. बुडाचा साचा तयार आहे.

रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पेरूच्या बागेतल्या तळ्यावर असू. आठनंतर वारा सुटतो, म्हणून वेळेवर यावं. चहा तळ्याच्या मालकांकडे. लहान मुलांना आणावं, जॅकेट सहा आहेत. जास्त मुलं असतील तर आदल्या दिवशी मला किंवा अण्णांना कळवावं. घरात रिमोटची जुनी मोटार असेल तर ती मात्र घरीच ठेवा, जुनी पहिली बोट अजून पिवळ्या क्रिस्टलवरच चालते.